लवंगेच्या बाजारातली दाढ

तुर्भ्याच्या मसाला बाजारात शिरलं की आधी मिरचीचा खकाणा अंगावर येतो. डोळे चुरचुरतात, एक-दोन ठसके लागतात, आणि मग नाक हळूहळू बाकीचे वास ओळखू लागतं. धणे, हळद, दगडफूल, मायपत्री. एखाद्या गाळ्यासमोर लवंगेची गोण उघडलेली असली की हे सगळे वास मागे सरतात. लवंगेचा वास गोड असतो, उष्ण असतो आणि खोल जातो. तो आला की माझी जीभ आपोआप मागच्या दाढेकडे वळते. आजवर दाताच्या ज्या ज्या दवाखान्यात गेलो, तिथे दार उघडताच हाच वास भेटला आहे.

तो येतो युजेनॉलमुळे. लवंगेच्या तेलाचा बराच मोठा भाग हेच द्रव्य असतं. झिंक ऑक्साईडच्या पांढऱ्या भुकटीत ते कालवून डॉक्टर दुखऱ्या दाढेत तात्पुरतं भरतात आणि दाढेचा ठणका निवतो. लवंग ही न उमललेली कळी. मादागास्करच्या, झांझिबारच्या, श्रीलंकेच्या झाडांवर ती फुलण्याआधीच खुडतात, वाळवतात, आणि समुद्र ओलांडून आलेली ती कळी इथे माथाड्याच्या डोक्यावरून गाळ्यात उतरते. पूर्वी हा घाऊक बाजार मुंबईत मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत होता. आता मुंबईच्या स्वयंपाकघरांतली बरीचशी लवंग तुर्भ्याहून जाते. दातदुखीचं एक फार जुनं औषध या गावात गोणींनी उतरतं, आणि त्याच गोणी उतरवणारी माणसं रात्री गालाला हात लावून जागी असतात. हे दोन्ही शेजारी शेजारी पाहत मी इथे राहिलो आहे.

दाढ दुखायला रात्रच निवडते, याला कारण आहे. दाढेच्या मधोमध नस आणि रक्तवाहिन्यांचा एक मऊ गाभा असतो. त्याच्याभोवती कठीण भिंती. कीड तिथवर पोचली की गाभा सुजतो, आणि भिंतींच्या आत सुजेला पसरायला जागा नसते. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि प्रत्येक ठोका दाढेत वाजू लागतो. ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे तुर्भे स्टोअर, हनुमान नगर, इंदिरा नगर या वस्त्यांत घरं इतकी लागून आहेत की अशा रात्री एकाची दाढ दुखते आणि दोन घरं जागी राहतात. कुणीतरी उठून दिवा लावतं. डब्यातली लवंग दाताखाली धरली जाते. कापूर चेपला जातो. कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या होतात. बायका भाजून ठेवलेल्या मशेरीची डबी काढतात. तंबाखूनं हिरडी बधिर होते आणि थोडी झोप लागते. त्या झोपेसाठी लागलेली मशेरी पुढे जन्मभर सुटत नाही.

सकाळी केमिस्टकडे पहिलं गिऱ्हाईक दाढवालंच असतं. 'दाढेची गोळी द्या' एवढंच म्हणायचं. गोळी मिळते, मजुरांचा नाका गाठता येतो, दिवसाची हजेरी वाचते.

दातांचं दुखणं मोठं फसवं आहे. दातावरचं आवरण हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, पण त्यात नसा नाहीत. गोड खाल्ल्यावर तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि ते आवरण झिजू लागतं, तेव्हा काहीच कळत नाही. एकदा गेलेलं आवरण पुन्हा उगवत नाही. कीड आणखी आत गेली की थंड पाणी झोंबतं, गोड झोंबतं. या वेळी दाढ भरून घेतली तर खर्च शेकड्यांत भागतो. पण झोंबणं सहन होतं, म्हणून माणूस थांबतो. मग एक रात्र अशी येते की सहन होत नाही. आता रूट कॅनल, म्हणजे काही हजार, आणि वर कॅप बसवायची तर तिचे वेगळे. एवढे पैसे हातात नसतात, म्हणून गोळ्यांवर आणखी काही दिवस जातात. आणि एके दिवशी दुखणं अचानक थांबतं. घरात सगळ्यांना वाटतं, बरं झालं. खरं तर नस मेलेली असते. मुळाशी पू धरतो, काही आठवड्यांनी गाल सुजून डोळा झाकतो. तेव्हा दाढ काढणं एवढाच स्वस्त इलाज उरलेला असतो.

तुर्भ्यातल्या चाळिशी-पन्नाशीच्या माणसांच्या तोंडात मला हा सगळा हिशेब दिसतो. कुठे दोन दाढा नाहीत, कुठे एकाच बाजूनं चावायची सवय. माथाडी गोण उचलतो तेव्हा दातांवर दात रोवतो. सगळ्या अंगाचं बळ त्या क्षणी जबड्यात येतं. दुखऱ्या दाढेनं पन्नास किलोची गोण उचलणं काय असतं, ते त्याच्या मानेच्या ताणलेल्या शिरांवरून समजतं. मिरचीची देठं खुडणाऱ्या बायकांमध्ये एक बाई हसताना नेहमी पदर तोंडाशी नेते. पुढचे दात गेले त्याला बरीच वर्षं झाली. कवळी करून घ्यायची आहे, असं ती दरवर्षी म्हणते. मग शाळा सुरू होते, पोरांची पुस्तकं येतात, पावसाच्या आधी पत्र्यावर ताडपत्री घालायची असते. दात मागे पडतात.

महागाईचा दोष मला डॉक्टरांच्या माथी मारायचा नाही. वाशी-सानपाड्याच्या बाजूला दर चौकात दाताचा दवाखाना आहे. त्या प्रत्येक दवाखान्यामागे खासगी कॉलेजची लाखांतली फी असते. गाळ्याचं भाडं असतं, खुर्चीचं कर्ज असतं. दाताचं काम हे औषध लिहून देण्याचं काम नाही, ती दर वेळी केलेली एक छोटी शस्त्रक्रिया असते. तिला क्ष-किरण लागतो, निर्जंतुक केलेली हत्यारं लागतात, मिनिटाला लाखो फेरे घेणारं ड्रिल लागतं, वापरून झिजणाऱ्या सुया लागतात. यातलं बरंच साहित्य परदेशातून येतं. कॅप बनवणाऱ्या लॅबचे पैसे वेगळे. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा बहुतेक वेळा खराच असतो. फक्त तो रोजंदारीवरच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा असतो.

स्वस्त इलाजही दूर नाही. तुर्भे स्टेशनवरून नेरुळच्या गाडीत बसलं की जुईनगर आणि मग नेरुळ. तिथे दोन दंत महाविद्यालयं आहेत. पुढे खारघर, कामोठ्याकडेही आहेत. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय १९३३पासून गरिबांचे दात सांभाळत आलं आहे, आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात सरकारी दंत महाविद्यालय आहे. अशाच एका दंत महाविद्यालयाच्या लांबलचक दालनात मी शेजारच्या काकांना घेऊन बसलो आहे. ओळीनं खुर्च्या, प्रत्येक खुर्चीवर दिवा, आणि प्रत्येक दिव्याखाली आ वासलेलं एक तोंड. विशीतली मुलंमुली वाकून काम करत होती. हात अजून जरा जपून चालत होते. मधूनच सर यायचे, आरशानं बघायचे, एक शब्द सांगायचे. काकांच्या दाढेवर काम करणाऱ्या मुलीनं सुई टोचण्याआधी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला होता. इतक्या मायेनं आपल्या तोंडाकडे कुणी बघितलं नव्हतं, असं काका परतताना गाडीत म्हणाले.

पण ती दाढ पुरी व्हायला पुन्हा पुन्हा यावं लागणार होतं. आज केसपेपर आणि एक्स-रे, मग नस साफ करणं, मग भरणं, मग माप, मग कॅप. शिकणाऱ्या हाताला वेळ लागतो आणि त्याला तो मिळायलाच हवा. मात्र प्रत्येक खेपेला काकांची हजेरी बुडत होती. नाक्यावर उभ्या राहणाऱ्याला रजा नसते. तो गेला नाही तर त्याची जागा दुसरा घेतो. दवाखाना उघडतो ती वेळ आणि मजुरी मिळते ती वेळ एकच. म्हणून कमी फीची दाढसुद्धा त्याला महाग पडते. स्वस्त दंतसेवेबद्दल बोलताना बुडालेली मजुरी मोजलीच पाहिजे.

आणि सरकारी आधाराचं काय? महाराष्ट्रात २०१२पासून जीवनदायी योजना आहे. २०१७मध्ये तिला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या, कर्करोगाच्या महागड्या उपचारांत तिनं हजारो घरं बुडण्यापासून वाचवली. पण अशा योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्या माणसासाठी बेतलेल्या असतात. साधी दाढ भरणं, रूट कॅनल, कवळी हे सगळं खुर्चीत बसून होतं, म्हणून ते त्यांच्या बाहेर राहतं. खासगी विम्यातही बहुधा अपघातात दात तुटला तरच पैसे मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२च्या अहवालानुसार जगात सुमारे ३५० कोटी माणसांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे. एवढं सार्वत्रिक दुखणं दुसरं क्वचितच असेल, आणि तरी शरीराच्या जमाखर्चात तोंडाला जागा नाही.

याचं मोल फक्त दातांत फिटत नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२पासून बंदी आहे, तरी टपरीवर हात फिरतो आणि पुडी येते. सुपारीनं गालाची आतली त्वचा ताठरते, तोंड उघडेनासं होतं. निरोगी तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात. इथल्या कितीतरी तरुण पोरांच्या तोंडात दोनही मावत नाहीत. कर्करोगाची ती वाट असू शकते. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम सगळ्यात आधी दिसते ती दाताच्या डॉक्टरला. कर्करोगासाठी टाटाचं केंद्र खारघरला आहे, तुर्भ्याहून जवळच. पण तिथली चिठ्ठी मिळण्याआधी कुणीतरी वेळेवर तोंडात डोकावायला हवं. दाताच्या खुर्चीपर्यंत न पोचलेला माणूस ती संधीही गमावतो.

मला आशा वाटते ती अगदी साध्या साधनांमुळे. २०२१मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं फ्लोराइडची टूथपेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. या सिमेंटनं दाढ भरायला वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही. हातातल्या छोट्या हत्यारानं कीड खरवडायची आणि सिमेंट दाबून भरायचं. ही पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात आकाराला आली, वीज नसलेल्या गावांसाठी. तिसरं औषध तर किडीवर नुसतं लावायचं असतं. दाढ काळी पडते, पण कीड बहुधा तिथेच थांबते. एवढं सामान एका पेटीत मावतं. ती पेटी बाजारात, वस्तीत, शाळेत जाऊ शकते.

आणि तुर्भ्याला अशी गोष्ट अशक्य वाटायचं कारण नाही. डोक्यावरून ओझं वाहणाऱ्याला कुणी एक मालक नसतो, मग त्याला भविष्यनिर्वाह निधी कोण देणार, त्याच्या दुखण्याचं कोण बघणार, असं एकेकाळी म्हटलं जाई. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना एकत्र केलं, १९६९मध्ये माथाडी कायदा आला. माथाडी मंडळं बनली, मजुरीवर लेव्ही बसली, आणि मालक नसलेल्या माणसाच्या नावावर हक्काचे पैसे जमू लागले. हा बाजार त्या कायद्यावर उभा आहे. तोच विचार दातांपर्यंत आणि माथाडी म्हणून नोंद नसलेल्या नाक्यावरच्या, देठं खुडणाऱ्या, घरकाम करणाऱ्या माणसांपर्यंत न्यायला हवा. बाजाराच्या आवारात दाताची एक खुर्ची हवी, आणि ती गाड्या खाली झाल्यावर, संध्याकाळी उघडी हवी. नेरुळचे विद्यार्थी आळीपाळीनं तिथे येऊ शकतात. शिकायला त्यांना रुग्ण हवेत, रुग्णांना जवळचा डॉक्टर हवा. वस्तीतल्या नागरी आरोग्य केंद्रात रक्तदाबाबरोबर हिरड्याही बघितल्या जाव्यात. गरोदर बाईच्या हिरड्यांतून रक्त येतं, तेव्हा तिला 'बाळंतपणानंतर बघू' असं सांगून घरी पाठवू नये. आणि सरकारी योजनेनं दाढ भरण्याला, रूट कॅनलला, कवळीला आपल्या यादीत जागा द्यावी.

सुरुवात कुठून करावी, हेही मला स्पष्ट दिसतं. मूल सहा वर्षांचं झालं की सगळ्यात मागे, कुठलाही दुधाचा दात न पाडता, पहिली पक्की दाढ येते. बहुतेक घरांत तिला दुधाची दाढ समजतात, पडेल म्हणून सोडून देतात, आणि ती किडून जाते. महापालिकेच्या शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गात ही दाढ बघणारा माणूस आणि सिमेंटची ती पेटी दरवर्षी आली, तर आज पन्नाशीतल्या तोंडांत जे दिसतं ते या पोरांच्या वाट्याला येणार नाही. त्या दाढेपासून सुरुवात करूया. ती साठ-सत्तर वर्षं चालायला आलेली आहे.