चार की पाच

डीएनए दुरुस्त करणाऱ्या रॅड-51 या प्रथिनाचे ठिपके पेशीच्या केंद्रकात एका पातळीवर बसत नाहीत. बारीक फोकसचा स्क्रू जरासा फिरवला की तीन मावळतात, खालून दोन उगवतात. मधला जाडसर ठिपका एकच आहे की एकावर एक आलेले दोन, हे कळत नाही. आमच्या पद्धतीत पाच किंवा अधिक ठिपके असले तरच ती पेशी डीएनएची बिनचूक दुरुस्ती करणारी धरायची. स्तनाच्या गाठींच्या कापांवर मी वर्षानुवर्षं या चार-पाचच्या मध्येच अडकले आहे.

आता मला मोतीबिंदू झालाय. पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश आधी अडवतं. म्हणजे केंद्रक रंगवणाऱ्या डापीचा निळा, म्हणजे केंद्रकाची कडच. म्हणून मोजणी माझ्या विद्यार्थिनीकडे गेली. ती भूमची, मी परंड्याची. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी 1987पासून आमच्या या दोन्ही तालुक्यांतले रुग्ण मोजत आलीय. गावोगाव जाऊन रुग्ण शोधणाऱ्या त्या माणसांबद्दल मला फार आदर आहे. मोजणीला हलकं काम समजणाऱ्यांशी माझं जमत नाही.

तसे लोक वाढलेत. या दुरुस्तीला लागणारं बीआरसीए-1 जनुक 1994मध्ये हाती लागलं. ते किंवा बीआरसीए-2 बिघडलेल्या पेशी दुरुस्तीतलंच पार्प हे विकर औषधाने अडवलं की मरतात, हे 2005मध्ये दिसलं. तेव्हापासून जनुकाच्या अहवालापुढे कुणाला सूक्ष्मदर्शक नको असतो. पण औषधाखाली तगलेली गाठ कधी दुसऱ्या बदलाने बीआरसीए पुन्हा कामाला लावते, कधी 53बीपी1 हे प्रथिन गमावून वेगळ्या वाटेने दुरुस्ती परत मिळवते. डीएनएवरचे जुने व्रण तसेच राहतात, औषध मात्र लागू पडेनासं होतं. आज दुरुस्ती चालू आहे का, हे ठिपक्यांनाच विचारावं लागतं.

आणि ठिपके नसले तर जास्तच जपावं लागतं. पेशी विभाजनाच्या तयारीत असल्याचं सांगणारं जेमिनिन दिसतंय का? डीएनए तुटल्याची खूण असलेलं गॅमा-एचटूएएक्स आहे का? की तुकडा फॉर्मेलिनमध्ये उशिरा पडला?

‘शंकेची स्लाइड मॅडमकडे न्या,’ हे वाक्य ऐकायला मला फार आवडायचं. आता विद्यार्थिनी कॅमेऱ्याने थरामागून थर टिपते आणि शांतपणे सांगते, “मॅडम, चारच.” तिची मोजणी माझ्यापेक्षा सरस आहे. ते मला पटतं, पण रुचत नाही. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली की शंकेच्या स्लाइड पुन्हा माझ्याच टेबलावर यायला हव्यात, असं मी तिला बजावून ठेवलंय.