जॅकमधली हवा

ट्रकला हवा लागते ती टायरला आणि ब्रेकला. बाकी जिथं शिरेल तिथं ती खोडीच करते. डिझेलच्या लाइनमध्ये शिरली की इंजिन आचके देतं, हे डायव्हरकी शिकणाऱ्या पोरालाही माहीत असतं. हौदा उचलणाऱ्या जॅकमध्ये शिरली की काय होतं, ते मला सुर्ली घाट चढून गेल्यावर, कडेगावच्या अलीकडच्या एका गावात कळलं.

गाडी जुनी, दहाचाकी टिपर. कराडकडच्या क्रशरवरून चार ब्रास खडी भरून नेली होती. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. चार ब्रासचं वजन किती होतं ते हौदा वर जाताना कानाला कळतं. त्या दिवशी तो अर्ध्यावर गेला, थबकला, आणि एकदम फूटभर उसळला. अख्खी चॅसी थरथरली. रस्त्यावरचे मजूर बाजूला पळाले. मी लिव्हर सोडून हौदा हळूहळू खाली घेतला आणि बराच वेळ स्टिअरिंगला धरून नुसता बसलो. भरलेला हौदा वर असताना हिसका बसला तर गाडी आडवी व्हायला वेळ लागत नाही.

क्लीनर म्हणाला, “मालक, जॅकनं एअर धरली.”

बरोबर बोलला. तेल दाबलं तरी आकसत नाही; शंभर बार दाबाखालीसुद्धा शेकड्याला एक भागही कमी होत नाही. हवा मात्र तेवढ्याच दाबाखाली शंभराव्या हिश्श्यात जाऊन बसते आणि संधी मिळताच पुन्हा फुगते. म्हणजे जॅकमध्ये तेलाच्या डोक्यावर एक स्प्रिंगच बसलेली असते.

हवा काढायचं काम तसं अवघड नाही. गाडी रिकामी, जमीन सपाट, चाकांना दगड. टाकीतलं तेल बघायचं ते हौदा पूर्ण खाली असताना. वर असताना भरलंत तर खाली येताना टाकी ओसंडते, आणि तेलाचा भाव आठवून जीव हळहळतो. पीटीओ, म्हणजे इंजिनवरून जॅकचा पंप फिरवणारा गिअर, लावायचा, इंजिन निवांत ठेवायचं. हौदा हातभर उचलायचा, सोडायचा, पाच-सहा वेळा. मग हौदा खाली टेकवून केबिनच्या मागून वर चढायचं आणि जॅकच्या माथ्यावरचा छोटा स्क्रू अर्धा आटा ढिला करायचा. अर्धाच. तोंड बाजूला ठेवायचं, कारण दाबातलं तेल कातडीत घुसतं. खालून क्लीनरनं लिव्हर नुसती टेकवायची.

आधी फुस्स झालं. मग फेस आला, घुसळलेल्या ताकासारखा, थुंकत थुंकत. थोड्या वेळानं थुंकणं थांबलं आणि मधाच्या रंगाची सलग धार लागली. स्क्रू आवळला, हौदा उचलून पाहिला. लोण्यासारखा वर गेला. मी खूश.

आठ दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा हवा काढली. पुन्हा दहा दिवसांनी हिसका.

टाकीतलं थोडं तेल पाण्याच्या बाटलीत घेऊन रात्रभर ठेवलं. सकाळी फेस जिरून तेल नितळ झालं होतं, तळाला पाणी नव्हतं. म्हणजे दोष हवेचाच. एका गॅरेजवाल्यानं ठासून सांगितलं, जॅकचे सील गेलेत. सांगलीहून सील किट आणलं, जॅक उतरवला, गाडी दोन दिवस उभी राहिली. उतरवलेले सील हातात घेऊन बघितले तर चांगले होते. ते बघूनही मी गप्प बसलो, ही माझी चूक. पैसे गेल्यावर माणसाला औषध लागू पडलं असंच वाटायला लागतं. बारा दिवस वाटलं.

पलूसकडे माझे थोरले चुलते, आप्पा, असतात. जन्म कृष्णेकाठी मोटर सांभाळण्यात गेला. पंप बनवणारी किर्लोस्करवाडी त्यांच्या शेजारची. पण आप्पांना पंपाची विद्या मिळाली ती रात्री बॅटरी घेऊन नदीवर चकरा मारून. त्यांच्या घरासमोर मुरूम टाकायला गेलो होतो. हौदा उचलताना जॅकचा पंप किरकिरला. आप्पा बाजेवरून उठून आले.

“तेल कुठं गळतंय?”

“कुठंच नाही आप्पा. सगळं कोरडं आहे.”

“मग ओढतोय तिथनंच हवा घेतोय. गळलं असतं तर बरं झालं असतं, दिसलं असतं. आमच्या मोटरीला फूट व्हॉल्व्हकडच्या पाइपातनं हवा लागली की पाणी चढत नाही, पण त्यातनं एक थेंब भाईर येत नाही. ओढतोय तो थुंकत नाही.”

मी उभाच राहिलो. पंपाच्या पुढं दाब, म्हणून तिथं भोक असलं तर तेल बाहेर. पंपाच्या मागं, टाकीकडं, ओढ. तिथं भोक असलं तर हवा आत. आम्ही तीन वेळा जॅकच्या डोक्यातली हवा काढली होती आणि पंप तिला खालून पुन्हा ओढून घेत होता.

आप्पांनी विचारलं, ग्रीस आहे का? नदीवर ते गळका फूट व्हॉल्व्ह शेणकाला ओतून तात्पुरता बुजवायचे, तीच तऱ्हा. इंजिन चालू ठेवून टाकीपासून पंपापर्यंतच्या रबरी पाइपाच्या जोडांवर मी बोटानं ग्रीस थापत गेलो. पंपाकडच्या क्लॅम्पवर थापलं आणि किरकिर बसली. पुसून पाहिलं तर क्लॅम्पच्या कडेला धुळीचं काळं कडं, खाली रबराला केसासारखी चीर. गाडी उभी असताना तिथं थोडा ओलावा येत असणार, तोच धूळ धरून बसला होता. ती धूळ मी रोज बघत होतो.

कुपवाडहून आत तार असलेला नवा पाइप आणला, दोन्ही टोकांना दोन-दोन क्लॅम्प मारले, टाकीच्या झाकणाची जाळीही धुतली. शेवटची हवा काढली. त्यानंतर दोन पावसाळे गेले, माथ्यावरच्या त्या स्क्रूला पाना लागलेला नाही.

तुमच्या जुन्या टिपरच्या जॅकमध्ये हवा दुसऱ्यांदा आली, तर सील किट आणायला निघण्याआधी टाकी ते पंप हा दीड हात पाइप बघा. आणि बघायला हौद्याखाली जायचं असेल तर लोखंडी टेकू लावल्याशिवाय डोकं आत घालू नका.