भुकेची वेळ

तरुण मुलांच्या बाहेरच्या खाण्याविषयी आपल्या घरांतून जितकी चर्चा होते, तितकी क्वचितच अन्य विषयावर होत असेल. मंदिरातून परतताना, लग्नाच्या पंगतीत, स्वाध्याय आटोपल्यावर जमलेल्या भगिनींच्या बोलण्यात हा विषय निघतोच. सूरही बहुधा एकच असतो : ‘आजकालच्या मुलांना घरचे नको, गाड्यावरचे हवे.’ या वाक्यातील चिंता खरी आहे. निदान मात्र पुन्हा एकदा तपासून पाहावे, असे मला गेल्या वर्षभरातील एका अनुभवामुळे वाटू लागले आहे.

बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझे वास्तव्य नांदेडला आहे. माझी कन्या लातूरला दिली आहे. जावई एका डाळमिलमध्ये हिशेबाचे काम पाहतात. संसार सुखाचा, परंतु बेताचा. थोरल्या नातीच्या शिक्षणाचा खर्च वाढला, तेव्हा धाकट्या नातवाने आपण होऊन एका मोबाइलच्या दुकानात नोकरी धरली. त्याचे वय १९. सकाळी सातला महाविद्यालय, दहाला घरी जेवण, अकरा वाजता दुकान आणि रात्री साडेनऊनंतर सुटी. पगार महिना ९,००० रुपये. या वयात घराला हातभार लावणाऱ्या मुलाचे कौतुक करावे तेवढे थोडेच.

चिंता सुरू झाली ती त्याच्या रात्रीच्या खाण्यावरून. दुकान बंद होण्याच्या सुमारास जवळच्या गाड्यावर वडापाव, कधी चायनीज, कधी फ्रँकी, बरोबर थंड पेयाची बाटली, असा त्याचा क्रम ठरून गेला होता. कन्येचा चौविहार अनेक वर्षांचा आहे. सूर्यास्तानंतर तिच्या घरी पाणीही घेतले जात नाही. लातूरला थंडीत सहाच्या आतच दिवस मावळतो, उन्हाळ्यात तो सातच्या आसपास पोचतो. मुलगा दहाला घरी येई, तेव्हा ओटा पुसून झालेला असे. ती विचारी, “काय खाल्लेस रे?” तो म्हणे, “खाल्लं, आई.” या दोन शब्दांत बटाटा, कांदा, लसूण, रात्रीभोजन आणि एकाच कढईत कशाकशाबरोबर तळले गेले असेल ते सारे सामावलेले असे. तिला आरोग्याची काळजी होतीच. त्याहून अधिक दुःख घराचा संस्कार हातातून निसटतो आहे याचे होते.

मध्यंतरी दुकानात उभ्याउभ्या त्याला भोवळ आली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ११.२ निघाले. या वयाच्या मुलांत ते १३ च्या खाली असल्यास रक्तक्षय मानतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के आणि मुलांपैकी ३१.१ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळले. म्हणजे हा विकार केवळ मुलींचा, ही आपली समजूतही दुरुस्त करावयास हवी. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी सुचवली आणि एकच प्रश्न विचारला : “सकाळी दहाच्या जेवणानंतर हा पुन्हा केव्हा खातो?” माझ्या मते साऱ्या प्रकरणाचे मर्म त्या प्रश्नात होते.

त्या चातुर्मासात मी लातूरला मुक्कामास होतो. कन्येने मला सांगितले, “बाबा, तुम्ही त्याला समजावा. तुमचे तो ऐकेल.” मी उपदेश केला नाही. स्वतः कमावलेल्या पैशाने खाणाऱ्या मुलाला ‘हे खाऊ नकोस’ असे सांगण्याचा आपला अधिकार, कोणी मान्य करो वा न करो, पहिल्या पगाराच्या दिवशीच अर्धा होतो. आयुष्यभर खातेवह्या तपासल्यामुळे मला दुसरा मार्ग सुचला. मी त्याला एक लहान वही दिली आणि महिनाभर फक्त चार रकाने भरावयास सांगितले : काय खाल्ले, किती वाजता, किती पैसे, आणि त्याआधीचे खाणे केव्हाचे. मत लिहावयाचे नाही, कोणी रागवावयाचे नाही. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असल्याने त्याने ते गमतीने मान्य केले.

महिनाअखेरीस आम्ही दोघे वही घेऊन बसलो. कामाचे दिवस २६. रोजचा खर्च सरासरी ७० रुपये, म्हणजे महिन्याचे १,८२० रुपये. पगाराचा पाचवा हिस्सा गाड्यावर जात होता. हा आकडा पाहून तो स्वतःच गप्प झाला. परंतु मला अधिक बोलका वाटला तो शेवटचा रकाना. जवळजवळ प्रत्येक दिवशी आधीचे खाणे सकाळी दहाचे, आणि गाड्यावरचे रात्री साडेआठ ते साडेनऊच्या दरम्यानचे. मधे एकदोन कप चहा. आणि आठवड्याच्या सुटीच्या दिवशी? चारही सुट्यांपुढे रकाना कोरा होता. त्या दिवशी तो दिवस मावळण्यापूर्वी घरी जेवला होता, आणि संध्याकाळी मित्रांबरोबर बाजारात फिरूनही गाड्याकडे फिरकला नव्हता.

मी त्याला म्हटले, “तुला वडापाव फार आवडतो असे तुझी आई म्हणते.” तो हसून म्हणाला, “आजोबा, आवडतो, पण रोज खाण्याइतका नाही. त्या वेळेला समोर जे असतं ते खातो. समोर भाकरी असती तर भाकरी खाल्ली असती.”

साडेदहा-अकरा तास उपाशी राहिलेल्या मुलाची जीभ आवडीनिवडी करीत नसते. त्याची भूक आठ वाजता येते, घराचे स्वयंपाकघर सहाला मिटते आणि दुकान साडेनऊला. या तीन वेळांच्या मधल्या फटीत गाडेवाला उभा असतो. त्याने मुलाला बिघडवले, असे म्हणणे सोपे आहे. वास्तविक, आपल्यापैकी कोणीच जी वेळ सांभाळली नाही, ती तो सांभाळतो.

याचा अर्थ गाड्यावरचे अन्न निरुपद्रवी आहे, असा नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचा अंदाज त्यांत दिला आहे. साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवावी, असे त्यांत सुचवले आहे. कोलाच्या १०० मिलिलिटरमध्ये सुमारे साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरची एकच बाटली दिवसाचा कोटा संपवते. मिठाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. पाकिटावर मीठ न लिहिता सोडियम लिहिलेले असते, त्याला अडीचने गुणले की मीठ निघते. १,००० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ. हे गणित मी नातवाला शिकवले आणि आता तोच मला पाकिटे वाचून दाखवतो. तळणाच्या तेलाविषयी तर जुलै २०१८ पासून देशात नियम आहे : पुन्हापुन्हा तापवून त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांच्या वर गेली, तर ते तेल वापरता येत नाही. परंतु ते मोजणारे यंत्र गाड्यावर नसते. तेलाचा काळवंडलेला रंग आणि फेस हीच ग्राहकाची खूण. पाकिटावर शाकाहाराचा हिरवा ठिपका तरी शोधता येतो, गाड्यावरच्या उघड्या बरणीतील मेयोनीजमध्ये अंडे आहे की नाही हे कोण सांगणार?

हे सारे मुलांना ठाऊक नसते असे नाही. परंतु ज्ञानाने पोट भरत नाही. म्हणून आम्ही उपदेशाऐवजी वेळ बदलण्याचे ठरवले. रात्री दहाला चूल पेटवावी, असे मी कन्येला सुचवले नाही. तिचा नियम तिने निष्ठेने पाळला आहे आणि तो मोडण्याची आवश्यकताही नव्हती. नियम सूर्यास्तापूर्वी खाण्याचा आहे, तर अन्नच सूर्यास्तापूर्वी मुलाच्या हाती पोचले पाहिजे, इतकाच विचार केला. सकाळी निघताना तो डबा नेऊ लागला.

डब्यात काय द्यावे, याचे उत्तर मराठवाड्याच्या स्वयंपाकघराने केव्हाच देऊन ठेवले आहे. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या प्रवासासाठीच तर जन्मल्या. धपाटे गार झाले तरी चवीला उतरत नाहीत. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, सुशीला, फुटाणे, गूळ-शेंगदाणे, यांपैकी कशालाही गरम करावे लागत नाही. शेंगदाण्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने प्रौढाला पुरेशी मानली आहेत. ५५ किलो वजनाच्या मुलास म्हणजे सुमारे ४६ ग्रॅम. मूठभर शेंगदाणे आणि डाळीचे धपाटे या हिशेबात मोठी भर घालतात. सोबत लिंबाची फोड दिली की अन्नातील लोह अधिक चांगले शोषले जाते, आणि जेवणाला लागून चहा घेतला की कमी. म्हणून चहा तासभर पुढे ढकलला.

डबा देणे सोपे होते, तो खाण्यास वेळ मिळणे अवघड. जावई म्हणाले, “बाबा, तुम्ही मालकांशी बोला.” मी नकार दिला. मी गेलो असतो, तर दुकानातला कर्मचारी क्षणात कोणाचा तरी नातू झाला असता, आणि कष्टाने मिळवलेला त्याचा मान गेला असता. तो स्वतःच बोलला. मालकांनी पाच मिनिटे विचार केला आणि सांगितले, “सव्वापाचला गर्दी कमी असते, आळीपाळीने वीस मिनिटे जा.” त्या दुकानातील आणखी दोन मुलेही आता डबा आणतात, आणि चटणीची देवाणघेवाण होते.

सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. दिवाळीच्या हंगामात आठवडाभर डबा तसाच परत आला. रविवारी मित्रांबरोबर तो अजूनही कधीतरी वडापाव खातो आणि लपवत नाही. कन्येला ते आजही रुचत नाही. परंतु “काय खाल्लेस?” या प्रश्नाला आता खरे उत्तर मिळते, आणि तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.६ झाले.

या निमित्ताने मला आपल्या जुन्या बोर्डिंगांचे स्मरण होते. कोल्हापूर, सांगली, सोलापूर येथील जैन बोर्डिंगांत आपल्या अनेक पिढ्यांची मुले राहून शिकली. रात्री जेवू नये असे पूर्वजांनी केवळ सांगितले नाही, दिवस असताना मुलांच्या पानात वाढण्याची व्यवस्था उभी केली. नियमाला वेळेची जोड होती, म्हणून तो टिकला. आज लातूर आणि नांदेड ही शिकवण्यांची मोठी केंद्रे झाली आहेत. परगावची हजारो मुले खोल्या घेऊन राहतात, काही शिकता शिकता नोकरीही करतात. त्यांच्याकडून आपण नियमाची अपेक्षा धरतो, वेळ मात्र कोणी देत नाही.

म्हणून शेवटची विनंती मुलांना किंवा मातांना नाही, आपल्या समाजातील दुकानदार बंधूंना आहे. आपला समाज व्यापारी. आपल्या गल्ल्यासमोर, गोदामात, काउंटरवर उभी असलेली मुले कोणाची तरी १८-१९ वर्षांची लेकरे आहेत. १८ वर्षांखालील किशोरांना सायंकाळी सातनंतर कामावर ठेवता येत नाही आणि तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती द्यावी लागते, असे १९८६ चा कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, स्पष्ट सांगतो. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी २०१७ साली झालेल्या राज्याच्या कायद्यानेही सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली. आपले दुकान लहान असेल, हा कायदा त्यास लागू होवो न होवो, भूक सर्वांना सारखीच लागू असते.

आपल्या मुलाच्या बाहेरच्या खाण्याने व्याकूळ होणाऱ्या प्रत्येक घराने एकदा आपल्या दुकानात डोकावावे. तेथे काम करणारा मुलगा सकाळनंतर केव्हा जेवतो, हे विचारावे. सायंकाळची वीस मिनिटे, बसण्यास एक स्वच्छ कोपरा आणि पिण्याचे पाणी, याहून अधिक खर्च यात नाही. ज्या घरी अन्नदानाला पुण्य मानतात, त्या घराने आपल्या दुकानात अन्न खाण्यापुरती वेळ दान करावी. त्या मुलाची आईही कोठेतरी रात्री दहा वाजता विचारीत असते, “काय खाल्लेस रे?”