दैनिकाचा पक्ष आणि वाचकाची जमीन

१/ न्हावा आणि शेवा ही मुळात दोन गावे. भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगणारी. आज हे जोडनाव जगाला ठाऊक आहे ते २६ मे १९८९ रोजी सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरामुळे. हा धागा मात्र त्या परिसरातल्या घरांत येणाऱ्या वर्तमानपत्रांविषयी आहे. प्रश्न साधा आहे: दैनिकावरून वाचकाचा पक्ष ओळखता येतो का?

२/ मराठी पत्रसृष्टी आरंभापासून बाजू घेत आली आहे. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेल्या ‘दीनबंधु’ची बाजू सत्यशोधकांची होती. पुढे टिळकांचा ‘केसरी’ जहालांचा आणि ‘ज्ञानप्रकाश’ मवाळांचा. घरात येणाऱ्या पत्रावरून घरधन्याचा कल ताडण्याची सवय त्या काळापासूनची आहे. पुण्यात ती बऱ्याच अंशी खरीही ठरत असावी. प्रश्न खाडीकाठी ती कितपत चालते, हा आहे.

३/ त्यासाठी जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, जावे लागते. १९३३ मध्ये अलिबागजवळच्या चरी येथे खोतांविरुद्ध कुळांचा संप सुरू झाला. शेत कसायचे नाही, असा निर्धार करून शेतकऱ्यांनी तो १९३९ पर्यंत चालवला. नेते होते नारायण नागू पाटील. संप चालू असतानाच, १९३७ मध्ये, त्यांनी ‘कृषीवल’ काढले. त्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोतीविरोधी विधेयक मांडले.

४/ इथे क्रम लक्षात घ्यावा. शेतकरी कामगार पक्ष जन्मला तो त्यानंतर दहा वर्षांनी. ‘कृषीवल’ पुढे त्या पक्षाचे पत्र म्हणून ओळखले गेले, पण त्याचा वाचक पक्षाच्या आधीचा आहे. त्यातल्या बहुतेक कुळांना अक्षरओळखही नव्हती. अशा समाजात अंक एकाने वाचावा आणि इतरांनी ऐकावा लागतो. अशा पत्राचा खप मोजून त्याचा प्रभाव कळत नाही.

५/ दुसरीकडे, उरणच्या किनाऱ्यावरून समोर दिसते ती मुंबई. तिथे १९४८ मध्ये ‘लोकसत्ता’ आणि १९६२ मध्ये ‘महाराष्ट्र टाइम्स’ निघाले. दोन्ही मोठ्या इंग्रजी वृत्तसमूहांची अपत्ये. मधल्या काळात, १९५६ मध्ये, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ आला आणि त्याने संयुक्त महाराष्ट्राचा उघड कैवार घेतला. त्याच लाटेत १९५७ मध्ये जासईचे दि. बा. पाटील शेकापतर्फे पनवेलमधून विधानसभेत गेले. त्या क्षणी शहराचे पत्र आणि खाडीचा मतदार एका बाजूला होते.

६/ ही जवळीक पुढे परीक्षेला लागली. मुंबईची गर्दी हलकी करण्यासाठी पलीकडच्या तीरावर नवे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली. ती प्रसिद्ध झाली ‘मार्ग’ या इंग्रजी कलाविषयक नियतकालिकात. ज्यांच्या शेतांवर ते शहर उभे राहायचे होते, ते शेतकरी ‘मार्ग’चे वाचक नव्हते. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या.

७/ आता एकाच बातमीचे दोन वाचक झाले. दादरच्या चाळीतल्या वाचकासाठी नवी मुंबई म्हणजे परवडणाऱ्या घराची आशा. जासईच्या वाचकासाठी तीच बातमी म्हणजे सातबाऱ्यावरून पुसले जाणारे नाव. दोघेही एकाच पक्षाचे मतदार असू शकत होते, एकच दैनिकही घेत असू शकत होते. त्यांच्यात फरक पाडत होती ती जमीन.

८/ १६ आणि १७ जानेवारी १९८४. वाढीव मोबदला आणि विकसित जमिनीतला वाटा मागणाऱ्या शेतकऱ्यांवर उरण तालुक्यात पोलिसांनी गोळीबार केला. दोन दिवसांत पाच जण हुतात्मा झाले. नेतृत्व दि. बा. पाटील यांचे होते. मुख्यमंत्री होते वसंतदादा पाटील. संपादित जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे जे तत्त्व पुढे मान्य झाले, त्याच्या मुळाशी हा लढा आहे.

९/ या दोन दिवसांचे अंक तुलनेसाठी उघडणाऱ्याने आधी अग्रलेख पाहू नये. शब्द पाहावेत. रस्त्यावर ‘शेतकरी’ होते की ‘जमाव’? गोळीबार ‘झाला’ की ‘केला’? बातमी पहिल्या पानावर आहे की आत? मृतांची नावे आणि गावे दिली आहेत की केवळ आकडा? पत्राची बाजू याच ठिकाणी उघडी पडते, मग ते स्वतःला निःपक्षपाती म्हणवो वा न म्हणवो. उघड पक्षपाती पत्राचा एक गुण असा, की ते आपला पत्ता लपवत नाही.

१०/ पत्रांचे पत्ते तरी कुठे स्थिर असतात? रामशेठ ठाकूर १९९८ आणि १९९९ मध्ये शेकापचे खासदार झाले. १९९९ मध्ये त्यांच्यासमोर शिवसेनेचे उमेदवार होते खुद्द दि. बा. पाटील! पुढे ठाकूर काँग्रेसमध्ये आणि नंतर भाजपमध्ये गेले. पनवेलचे ‘रामप्रहर’ हे दैनिक याच ठाकूर परिवाराशी जोडलेले. अलिबागचे ‘कृषीवल’ शेकापचे, मुंबईचा ‘सामना’ शिवसेनेचा. नेता पक्ष बदलतो, पत्राचा सूर बदलतो. घरी येणारा अंक मात्र पुष्कळदा केवळ सवयीने येत राहतो.

११/ २०२१ मध्ये याची कसोटी लागली. नवी मुंबई विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि भूमिपुत्रांनी दि. बा. पाटील यांच्या नावाचा आग्रह धरला. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, सिडकोवर मोर्चा गेला. कृती समिती सर्वपक्षीय होती. ज्या पक्षांची पत्रे निवडणुकीत एकमेकांवर तुटून पडतात, त्यांचे कार्यकर्ते एका रस्त्यावर उभे होते. पुढच्या वर्षी राज्य मंत्रिमंडळाने दिबांच्या नावाला संमती दिली.

१२/ म्हणून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर: दैनिकावरून मालकाचा पक्ष कळतो, वाचकाचा कळेलच असे नाही. वाचक दैनिकाशी सहमत होण्यासाठीच ते घेतो, हे गृहीतच कच्चे आहे. कोणी ते विरोधकाचा डाव समजण्यासाठी घेतो, कोणी भरतीच्या जाहिरातींसाठी, कोणी आपल्या गावाचे नाव छापून आले का हे पाहण्यासाठी.

१३/ इतिहासाच्या अभ्यासकाने पक्षपाती पत्र बाजूला टाकू नये आणि त्याच्या वाचकाला त्या पक्षाच्या खात्यात मांडूही नये. दरवर्षी जानेवारीत जासई आणि पागोटे येथे हुतात्म्यांना अभिवादन होते. तिथे जमणाऱ्यांच्या घरी कोणती दैनिके येतात, याने त्या दिवशी काही फरक पडत नाही. ती पाच नावे त्यांना पाठ आहेत. दुसऱ्या दिवशीच्या अंकात ती कोण छापतो, याकडे मात्र त्यांचे लक्ष असते.