आईचे टाके

कापड खोटं बोलत नाही, असं मी वीस वर्षं ठामपणे सांगत आले. ऐकणाऱ्यांना ते पटायचं, कारण माझा जन्म गिरणगावातला, वडील साच्यावर काम करणारे आणि मी स्वतः कापड तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरी केलेली. लग्नानंतर इंग्लंडला, लेस्टरला आले आणि इथे दुसऱ्या महायुद्धातल्या विमानातून उतरणाऱ्या ब्रिटिश सैन्याचे कापडी बिल्ले जमवण्याचा नाद लागला. बिल्ला खरा की खोटा, हे विचारायला लोक माझ्याकडे येऊ लागले. मी ज्या पद्धतीने सांगायची, ती पद्धत आता मी सोडली आहे. का सोडली, ते मोकळेपणाने लिहिते.

या बिल्ल्यांमधला सगळ्यात ओळखीचा म्हणजे पेगॅसस. मरून चौकोनावर फिकट निळ्या रंगात पंखांचा घोडा आणि त्याच्यावर भाला उगारलेला, ग्रीक पुराणकथेतला वीर बेलेरोफन. १९४२ मध्ये चित्रकार एडवर्ड सीगो यांनी तो रेखाटला. त्याच्याखाली ‘एअरबोर्न’ या अक्षरांची पट्टी. ६ जून १९४४ ला मध्यरात्र उलटताच नॉर्मंडीत ग्लायडरमधून उतरून ज्यांनी काँ कालव्यावरचा पूल ताब्यात घेतला, त्यांच्या बाह्यांवर हाच घोडा होता आणि त्या पुलाला पुढे पेगॅसस ब्रिज हेच नाव पडलं. त्याच सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समधल्या आर्नहेमला सुमारे दहा हजार माणसं उतरली, त्यांतली जेमतेम चोवीसशे नदीपलीकडे परत आली. एवढ्याशा कापडाला लोक इतकं का जपतात, हे यावरून कळावं.

मराठी बाईला या बिल्ल्यांचं काय, असं मला विचारतात. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला जपान्यांना चार-पाच दिवस रोखून धरणाऱ्या ५० व्या इंडियन पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटणही होती. मी या विषयाकडे वळले ती सांगशाकबद्दल वाचूनच.

पेगॅसस पारखणं अवघड असतं, कारण हे चिन्ह युद्धाबरोबर संपलं नाही. युद्धानंतरही कित्येक वर्षं ब्रिटिश छत्रीधारी सैनिक तेच लावत होते. शिवाय युद्धकाळातही सगळे बिल्ले एकाच साच्यातले नव्हते. काही भरतकामाचे, तर काही काटकसर म्हणून सुती कापडावर छापलेले. इजिप्तमध्ये, इटलीत, भारतात स्थानिक कारागिरांनी भरून दिलेले वेगळेच. त्यात नकला करणारे आहेतच. नवा बिल्ला चहाच्या पाण्यात बुडवला की तो दिसायला जुना होतो.

माझी पद्धत ठरलेली होती. आधी पिक ग्लास हे भिंग लावून विणीतले धागे मोजायचे. मग बिल्ला उलटा करून भरतकामाची मागची बाजू बघायची. शेवटी अंधारात अतिनील दिवा. युद्धानंतर धुण्याच्या पावडरींत कपडे शुभ्र दिसण्यासाठी एक द्रव्य सर्रास येऊ लागलं, आपल्याकडच्या रानीपालसारखं. ते लागलेला धागा या दिव्याखाली निळसर पांढरा चमकतो. पॉलिएस्टरचे बरेचसे दोरेही चमकतात. चमकला की मी बिल्ला बाजूला ठेवायची. आणि बाहीवर शिवलेला बिल्ला हाती आला, तर मागची बाजू बघण्यासाठी सरळ उसवून काढायची. माझ्या अल्बममध्ये चाळीसेक बिल्ले आहेत. एकालाही आता बाही नाही.

काही वर्षांपूर्वी एक वयस्कर बाई वडिलांचं बॅटलड्रेस जॅकेट घेऊन आल्या. वडील ग्लायडरने उतरणाऱ्या पलटणीत होते. खाकी सर्ज, आतल्या लेबलावरचं साल शाबूत, उजव्या बाहीवर खाली ग्लायडरचं चिन्ह आणि दोन्ही दंडांवर पेगॅसस. त्यांना जॅकेट विकायचं नव्हतं. नातवाला देण्याआधी, हे सगळं खरंच त्यांच्या वडिलांचं आहे ना, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं.

दिवा लावला. पेगॅससचा निळा धागा मंद चमकला आणि बिल्ल्याच्या कडेने घातलेले टाके तर लख्ख चमकले. हातशिलाईचे, थोडे तिरके, कोपऱ्यांवर दुहेरी. मी त्यांना सांगितलं, “हे नंतर कुणीतरी जोडलेलं दिसतंय. बिल्ला या जॅकेटचा असेलच असं नाही. उसवून पाहिलं तर नक्की सांगता येईल.” त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “तुम्हाला यातलं कळतं. बघा.”

त्या रात्री मी डाव्या दंडावरचा बिल्ला उसवला. खाली न विटलेल्या गडद खाकीचा चौकोन निघाला. त्याच्या कडेने मशीनच्या टिपेची जुनी, सारख्या अंतराची भोकं होती. एका भोकात खाकी दोऱ्याचा तुसासारखा तुकडा अजून अडकलेला होता. बिल्ल्याच्या कडेची भोकं त्या ओळीशी तंतोतंत जुळली. बिल्ला अगदी सुरुवातीपासून याच बाहीवर होता. मी आनंदाने त्यांना फोन केला, “खरा आहे, शंभर टक्के!” कापलेले दोऱ्याचे तुकडे तोवर केराच्या डब्यात गेले होते आणि डबा रिकामाही झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. टेबलावर जॅकेट आणि शेजारी सुटा बिल्ला. त्यांनी बिल्ल्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, “हे टाके आईचे होते.”

वडील साठच्या दशकात गेले. आईने त्यांचे सगळे कपडे धुतले. या जॅकेटचे बिल्ले आधी काढून वेगळे धुतले, वाळवले आणि हाताने पुन्हा जागच्या जागी शिवले. मग जॅकेट पेटीत ठेवलं, ते कधी बाहेर काढलं नाही. या तेव्हा लहान होत्या, आईशेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होत्या. त्या माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यामुळे मला जास्तच लागलं.

दिव्याने चूक केली नव्हती. टाके नंतरचे होते आणि बिल्ल्याला पावडर लागली होती, दोन्ही खरं. पण ‘नंतरचं’ दिसलं की मी ‘खोटं’ वाचत होते. कापडावर काय लागलं आहे, ते दिवा सांगतो. ते कुणी लावलं आणि का, हे त्या घरातल्या माणसालाच ठाऊक असतं. ते माणूस माझ्यासमोर बसलेलं होतं आणि मी त्यांना एक प्रश्नही विचारला नव्हता. शिवाय त्या बाहीला आतून अस्तर नव्हतं. बाही उलटी केली असती, तर मशीनची जुनी भोकं न उसवताही दिसली असती. वीस वर्षांच्या अनुभवात एवढं साधं सुचलं नाही, कारण मला बाही कधी महत्त्वाची वाटलीच नव्हती.

‘खोटा’ हा शब्द आता मी फार जपून वापरते. फसवण्यासाठी बनवलेला बिल्ला खोटाच, त्याला मी आजही खोटा म्हणते. पण १९५६ मध्ये सुएझच्या वेळी पोर्ट सैदला उतरलेल्या सैनिकाच्या बाहीवरचा पेगॅसस खोटा नाही, तो फक्त नंतरचा आहे. बाजारातल्या कारागिराने भरलेला ओबडधोबड घोडाही खोटा नाही. असे किती बिल्ले मी एका शब्दात निकालात काढले असतील, याचा हिशेब आता लागणार नाही.

आता कुणी काही आणलं की मी आधी विचारते: हे कुठे ठेवलेलं होतं, कुणी धुतलं, कुणी शिवलं? मग बाही उलटी करते, फोटो काढते. दिवा सगळ्यात शेवटी. कात्री घेतच नाही. मागची बाजू न बघता खात्री देता येत नसेल, तर तसंच सांगते. अल्बमसाठी सुटे बिल्ले घेणंही थांबवलं आहे.

त्या बाईंनी बिल्ला मलाच पुन्हा शिवायला सांगितला. दुसऱ्या दंडावर आईचे टाके शाबूत होते, ते समोर ठेवून शिवला. तसेच तिरके टाके, कोपऱ्यावर दुहेरी. मग एका कागदावर लिहिलं: उजव्या दंडावरचे टाके यांच्या आईचे, साठच्या दशकातले, डाव्या दंडावरचेही तिचेच होते, ते मी उसवले, आताचे माझे आहेत. खाली नाव आणि तारीख घातली आणि कागद जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवला. पुढे कधी कुणी त्यावर दिवा धरला, तर त्याला विचारायला आम्ही दोघीही नसू.