बिननावाचे बटन

कळमन्याच्या मार्केट यार्डाकडून वारा वाहू लागला की आमच्या संगणक कक्षात मिरचीचा ठसका येतो. या कक्षातील जुन्या, दानरूपाने मिळालेल्या संगणकांवर आम्ही लिनक्स बसविले, ते परवान्याला पैसा पडत नाही म्हणून. परंतु दुसरेही कारण होते. ही प्रणाली कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी, असे तिचा परवानाच सांगतो. इतिहासाच्या शिक्षकाला एवढे पुरेसे होते.

आठवीत एक दृष्टिहीन विद्यार्थी आला आणि या समजुतीला तडा गेला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ऑर्का लिनक्सवर विनामूल्य मिळतो. मात्र यंत्रे अशक्त म्हणून आम्ही हलका डेस्कटॉप निवडला होता. त्यावर ऑर्का बोले, पण अर्धेच. एका प्रोग्रामच्या पट्टीवर नुसती चित्रे होती, त्यांना लेखी नाव देण्याचे राहून गेले होते. मुलगा टॅब दाबी आणि यंत्र म्हणे, बटन, बटन, बटन.

"सर, दारं खूप आहेत, पण कोणतं कोणत्या खोलीचं ते कळत नाही," तो म्हणाला.

आम्हांला १९२३ चा बोले ठराव आठवला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्याच्या पायऱ्या उतराव्याच लागल्या. उपमा ताणलेली आहे, हे आम्ही जाणतो. येथे कोणी कोणाला अडविले नव्हते. कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. अडलेल्याला त्याने काय फरक पडतो?

पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी चौदाव्या वर्षी गेली. १९९५ मध्ये त्यांनी एमॅकस्पीक रचून इमॅक्स हा मजकूर संपादकच बोलका केला. तेथे वाणी मागाहून चिकटविलेली नाही, कारण रचणाऱ्यालाच तिची गरज होती.

आम्ही एका संगणकाची मेमरी वाढवून त्यावर ग्नोम बसविला. सुपर, ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की ऑर्का जागा होतो. त्याचे यांत्रिक मराठी ऐकून वसतिगृहातील मुले हसतात. हा मुलगा मात्र वेग आणखी वाढवितो. त्या बिननावाच्या बटनांची तक्रार करण्याची मुभा सर्वांना आहे, पण ती इंग्रजीत लिहावी लागते. शब्दकोश घेऊन आम्ही दोघांनी ती लिहिली. उत्तर अद्याप आलेले नाही.