पेटी खोलून दाखवा

आमच्या मोझरीत पेटी म्हटलं की बाजाचीच पेटी डोळ्यांपुढे येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथं गुरुकुंज आश्रम उभारला, तेव्हापासून विदर्भातल्या भजन मंडळांचा इथं राबता आहे. महाराजांचं वाद्य खंजिरी. पण खंजिरीच्या भजनाला सूर धरायला पेटी लागतेच. आमच्या मंडळाची पेटी मी वाजवतो. भाता फाटला, सूर अडला की खोलून बसतोही मीच. त्यामुळे मोबाइलवर जुन्या पेटीची जाहिरात दिसली की मंडळातली पोरं ती आधी माझ्याकडे धाडतात. महाराजांचा पुण्यतिथी महोत्सव जवळ आला की जरा जास्तच.

जाहिरातीतली पेटी बहुतेक वेळा ‘जर्मन सुरांची’ असते, नाहीतर ‘पॅरिसची’. वय तर विचारूच नका. एकानं ‘दोनशे वर्षांपूर्वीची अँटिक पेटी’ लिहिलं होतं. हार्मोनियमचं पेटंट अलेक्झांडर दबँनं पॅरिसात घेतलं तेच १८४२ साली, आणि तीही पायानं हवा भरायची. मांडीशी घेऊन वाजवायची हातपेटी कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी घडवली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी. म्हणजे ही पेटी वाद्याच्या जन्माआधीच वाजत होती!

असे दावे सोपे. अवघड असते ती खरोखर जुनी, पण आतून बदललेली पेटी. पेटीची किंमत असते सुरांत, आणि फोटो असतात लाकडाचे. पॉलिश चकचकीत, पितळी कड्या घासलेल्या, पण सूरपट्टीचा एक फोटो नसतो. जुने परदेशी सूर काढून वेगळे विकायचे, त्यांच्या जागी गुजरातेतल्या पालिताण्याचे नवे बसवायचे आणि पेटी जुन्याच नावानं खपवायची, हा धंदा चालतो. पालिताण्याच्या सुरांत वाईट काही नाही. आज कितीतरी मंडळं त्यांच्यावरच भजन करतात. फक्त जर्मन सुरांचे पैसे त्यांना द्यायचे नाहीत.

अशीच एक पेटी पाहायला पोरांनी मला अमरावतीला नेलं. ‘१९३० ची, आजोबांच्या वेळची, सगळं ओरिजिनल’ अशी जाहिरात होती. व्हिडिओत मालकानं कपलर लावून मधल्या सप्तकात जलद ठेका धरला होता. अशा वाजवण्यात कुठलीही पेटी गोड लागते. मी पोचल्यावर एकच पट्टी दाबली आणि भाता अगदी हलके सोडला. चांगला सूर थोड्या हवेवरही बोलतो. इथं सुरांच्या दोन रांगांपैकी नर सूर लगेच बोलला. खर्ज मात्र ढकलल्याशिवाय उठेना. दोन रांगा एका हाताच्या नाहीत, हे तिथंच कळलं.

“जरा खोलून दाखवता का?” मी विचारलं.

“काका, पेटी आयकाची असते, खोलाची नसते,” तो म्हणाला.

“खोल ना बाप्पा. घ्याची असन तं पायल्याबिगर कशी घ्याची?”

त्यानं नाइलाजानं स्क्रू काढले. ते स्क्रूच बोलके होते: चार खाचांचे, स्टार. या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं, म्हणजे १९३० च्या पेटीत ते नंतरच आले. एवढ्यावरून पेटी खोटी ठरत नाही. दुरुस्तीला कोणीतरी खोलली असेल. सांध्यावर पांढऱ्या फेविकॉलचा ओघळ होता. तेही बाजारात आलं १९५९ साली. जुने कारागीर सरस लावत. इथवर दुरुस्ती म्हणून सोडून देता आलं असतं.

मग टॉर्च सूरपट्टीवर धरली. खर्जाच्या रांगेत प्रत्येक पितळी पट्टीच्या कडेला लाकडावर काळपट चौकट दिसत होती, पट्टीपेक्षा थोडी लांब. इथं आधी मोठी पट्टी बसलेली होती. शेजारी जुन्या स्क्रूची भोकं काडी ठोकून बुजवलेली. खर्जाचे रिवेट पिवळेधमक, नर रांगेतले काळसर. नर सूर जुनेच होते, पण त्यांच्या जिभाही कानशीनं खाल्लेल्या. जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. दोन्हीकडे घासून घासून त्या इतक्या पातळ झाल्या होत्या, की पुन्हा सुरात आणायला त्यांच्यावर पितळच उरलं नव्हतं.

मालक म्हणाला, “आमी तं अशीच घेतली होती.” तेही खरं असू शकतं. फसवणारा नेमका कोण, हे सूरपट्टी सांगत नाही. काय बदललं तेवढंच सांगते. आम्ही चहा घेऊन निघालो.

आता पोरंच जाहिरातदाराकडे आधी मागतात: सूरपट्टीचा सरळ उजेडातला, दोन्ही रांगांचा फोटो; खर्जाची एक पट्टी हळू भात्यावर, न थांबवता वाजवल्याचा, आणि भाता भरून, एकही पट्टी न दाबता हवा किती टिकते त्याचा व्हिडिओ. निम्मे लोक उत्तरच देत नाहीत. तेही उत्तरच.

शेवटी मंडळानं घेतली ती पालिताण्याच्या सुरांचीच पेटी, जुन्या सागवानी खोक्यातली. विकणाऱ्यानं फोनवरच सांगितलं, सूर बदललेत, भाता नवा आहे. आम्ही ते बिलावर लिहून घेतलं आणि भाव तेवढाच दिला.